बैलापुढचा घास

डॉक्टर मोहरील गेल्यावर रायपूरच्या आमच्या मराठी मंडळात शोकसभा झाली. शोक असा तिथे फारसा नव्हता. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण हसवत होता, आणि डॉक्टरांना ते आवडलंच असतं. पण दोघातिघांनी एकच किस्सा सांगितला, शेवटच्याने तर नक्कल करून. डॉक्टरांना म्हणे एका सिनेमात नसलेला प्रसंग दिसला, आणि पुढे कित्येक वर्षं ते तो प्रसंग शोधत राहिले. सभागृह खदखदून हसलं. पहिल्या रांगेत डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. त्याही हसल्या. पण मी त्यांच्या बाजूच्या भिंतीशी होतो, म्हणून मला दिसलं की तोंडाशी धरलेला पदर हळूच डोळ्यांपर्यंत गेला.

मी उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. घरी येऊन मुलीला फोन केला, तिला विचारलं, आणि आता लिहायला बसलो आहे. तो प्रसंग होता. डॉक्टरांना दिसला तसाच होता. तो कुठून आला हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी गप्प राहिलो म्हणून एक शहाणा माणूस या गावात चेष्टेचा विषय झाला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. बूढापाऱ्यात (पारा म्हणजे इथे मोहल्ला), तलावाकडून आत येणाऱ्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकाला दवाखान्याच्या पायरीवर चढावं लागे. डॉक्टर आतून ओरडायचे, "आलाच आहेस तर दाढ दाखवून जा!" मोहरील घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. आम्ही काळमेघ त्या मानाने परवाचे. वडील वर्धेकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले, मीही रेल्वेच्याच ऑफिसात चिकटलो. डॉक्टर ते विसरू देत नसत. "आम्ही घोड्यावर आलो बे काळमेघ. तुम्ही पासवर आले."

उंचीने बेताचे, अंगाने गोल, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात तोंडात घालून बघायचा तो छोटा गोल आरसा. गूळ-फुटाणे भयंकर आवडायचे. एखाद्या रोग्याने पाहिलं की म्हणायचे, "मी खाऊन राहिलो ते शास्त्रासाठी. तू नको खाऊ."

त्यांचं खरं प्रेम मात्र सिनेमावर. तेही नाचगाण्याच्या नव्हे, ज्यात माणूस बराच वेळ भिंतीकडे बघतो अशा सिनेमावर. आणि त्यांना श्रोता आयता मिळे. खुर्चीत मागे रेललेला, तोंडात कापूस कोंबलेला माणूस वाद कसा घालणार?

"आ कर. मोठा. हं. आता मले सांग काळमेघ, त्या सिनेमातला म्हातारा सारखी चप्पल काहून झटकते?"

मी "आँ, आँ" केलं.

"बरोब्बर! मीही तेच म्हणून राहिलो. भूतकाळ झटकते तो."

वहिनी आतून म्हणायच्या, "आमच्याकडे वरणात मीठ कमी पडलं तरी त्याचा अर्थ निघतो. मीठ काही कोणी आणून देत नाही."

तात्यापाऱ्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये डॉक्टरांनी चित्रमंडळ काढलं तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. दुकानांच्या पाट्यांवरचं 'मध्यप्रदेश' खरवडून तिथे 'छत्तीसगढ़' रंगवलं जात होतं. भोपाळहून साहेब लोक येत होते, घरभाडी चढत होती, आणि आम्हा जुन्या लोकांना आपण उगाचच मोठे झाल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरांना तर फारच. हॉलमध्ये मंडळाचा टीव्ही, माझ्या घरचा व्हीसीआर आणि परातभर मुर्रा. मुरमुऱ्यांना इथे मुर्रा म्हणतात. सिनेमा सुरू झाला की थोड्या वेळात दोनचार जण घोरू लागत. डॉक्टर अंधारात उभे राहून म्हणत, "राजधानीत राहून राहिलो आता आपण. जरा रीतीनं घोरा."

सिनेमा संपला की खुर्च्या गोल मांडायच्या. मग त्यांचा नियम: जो झोपला होता त्याने आधी बोलायचं. "त्याच्या डोक्यात सिनेमाचा कचरा नाही. तो स्वच्छ बोलते." दुसरा नियम असा, की 'हे कशाचं प्रतीक आहे' असं विचारायचं नाही. विचारायचं, 'तुमच्या घरी असं कोण करत होतं?' कोणी पुस्तकी बोलू लागला की डॉक्टर खिशातला आरसा काढून त्याच्यासमोर धरायचे. "मोठं भोक आहे. भरावं लागते. घरी काय होत होतं ते सांग, बाकी दिल्लीवाल्यांसाठी ठेव." आणि लोक सांगायचे. सिनेमातल्या बंद खिडकीवरून निघून गोष्ट कुणाच्या आत्याच्या रुसण्यापर्यंत जायची. मला वाटतं, मंडळात माणसं एकमेकांना पहिल्यांदा तिथेच भेटली.

अशाच एका रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना मराठी सिनेमा लागणार होता. निवृत्त झालेला एक खेड्यातला मास्तर तरुणपणीच्या मित्राला शोधायला पायी निघतो, एवढीच त्याची गोष्ट. डॉक्टरांनी मला बजावलं, "रेकॉर्ड करून ठेव. झोपू नको." माझी बायको शालिनी जाऊन तेव्हा वर्ष झालं असेल. घरी मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी वैशाली. सिनेमा सुरू व्हायच्या वेळी कोरी कॅसेट सापडेना. कपाटाच्या तळाशी एक होती, वर चिठ्ठी नाही. तीच घातली. मध्येच लाईट गेली. आली तेव्हा घाईघाईत मी टेप मागे-पुढे केली, थोडी पुढेच सरकली असावी, आणि पुन्हा रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. नंतर पाहिलंही नाही. शनिवारी तशीच मंडळात नेली.

सिनेमात मास्तर झाडाखाली बसतो. चप्पल काढतो. आणि एकदम पडद्यावर एका घराची पायरी आली.

पायरीवर चाकांचा लाकडी बैल उभा. गळ्यात घुंगरू, शिंगांना लाल कागद. कॅमेरा जरा हलतो आहे. बाजूने एक बाईचा हात येतो, हिरव्या बांगड्यांचा. चेहरा नाही, नुसता हात. तो बैलाच्या कपाळाला कुंकू लावतो, बैलाचं तोंड घराकडे वळवतो, समोर पानावर पुरणपोळीचा तुकडा ठेवतो आणि जातो. कुठेतरी लांब शिट्टी होते. मग तोच हात घाईने परत येतो, त्या तुकड्यातला कोपरा तोडून घेतो आणि निघून जातो. बैल तसाच उभा. पुढच्या क्षणी मास्तर नदीच्या वाळूतून चालतो आहे.

ती पायरी माझ्या घराची होती. तो हात शालिनीचा होता.

आमच्या विदर्भाकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. वैशाली लहान असताना एका तान्ह्या पोळ्याला माझा मेहुणा नागपूरहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला होता. दिवसभर मी तो खांद्यावर घेऊन मिरवलो. शालिनीचं चालतंबोलतं चित्र असलेली आमच्या घरात ती एकच कॅसेट होती, आणि तिच्यावर मी एका अनोळखी मास्तराला चालवत नेलं होतं.

दिवे लागले. मुर्रा फिरू लागला. डॉक्टर आनंदाने उभेच राहिले होते.

"बोला! कोण झोपलं होतं?"

एक जण म्हणाला, बैल म्हणजे सरकार. दुसरा म्हणाला, शिट्टी म्हणजे आगगाडी, मित्र गाडीने गेला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "मले तर कुकरची वाटली."

"कुकर!" डॉक्टर कडाडले. "एवढा मोठा दिग्दर्शक, तो कुकर लावंन सिनेमात?"

कुकरच होता. वरणाचा.

"हे पहा," डॉक्टर म्हणाले आणि आरशाच्या दांड्याने कोऱ्या पडद्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं, "कॅमेरा हलून राहिला होता. काहून? बाकी सगळ्या सिनेमात तर खांबासारखा उभा आहे. म्हणजे बघणारा परका नाही. घरचा आहे. त्या बाईवर जीव आहे त्याचा. आणि चेहरा काहून नाही दाखवला? कारण देणाऱ्याले चेहरा नसते. बैल राबला नाही, काही नाही, लाकडाचा आहे. तरी त्याले घास. काहून? तर तो दारात आला म्हणून. बस. पण..." इथे ते थांबले. फुटाणे हातातच राहिले. "दिलेला घास परत काहून घेतला?"

त्या दिवशी मी कॅमेरा धरून उभा होतो, पण ते का केलं हे मी शालिनीला कधी विचारलं नव्हतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण वर्षभरात माझ्या बायकोविषयी कोणी एवढं बोललं नव्हतं. लोक सांत्वनाला यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि चहा पिऊन जायचे. आणि इथे वीसपंचवीस माणसं तिच्या हाताविषयी, बांगड्यांविषयी, तिने बैलाचं तोंड वळवलं त्याविषयी जीव तोडून भांडत होती. मला ते ऐकत राहावंसं वाटलं. हे एक कारण. दुसरं भित्रेपणाचं. दुसऱ्या दिवशी कॅसेट मागून आणली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. तेवढं मिनिट सोडून सगळं पुसलं होतं. वैशालीने पुढे कधीतरी आईची कॅसेट मागितली तेव्हा मी म्हणालो, "फंगस लागली बेटा." ती उठून आत गेली. त्यानंतर खरं सांगायची जागाच उरली नाही. कॅसेट मी परत नेऊन दिली. डॉक्टरांनी ती मंडळाच्या कपाटात ठेवली आणि म्हणाले, "हा आता आपला ठेवा."

त्या घासाने डॉक्टरांना पछाडलं. दर महिन्याला नवीन अर्थ. एकदा म्हणाले, देव देतो त्यातला वाटा परत घेतो. मग म्हणाले, छे, ती बाई स्वतः उपाशी आहे. खुर्चीतल्या रोग्यांना विचारायचे. भाजीवालीला विचारायचे. तिने म्हणे तिच्या छत्तीसगढीत सांगितलं, "डाक्टर साहब, मोला का पता, बइला ला पूछ." डॉक्टर ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

आणि मग साक्षात तो दिग्दर्शकच रायपुरात आला. नव्या राजधानीत तेव्हा दर महिन्याला कसले ना कसले सोहळे असत, त्यातल्या एकाला पाहुणा म्हणून. डॉक्टरांनी त्याला मंडळात ओढून आणलं. मी रात्रभर जागा होतो. सकाळी दवाखान्यात गेलो, सांगायचंच ठरवून, तर डॉक्टर नवा शर्ट घालून आरशात भाषणाचा सराव करत होते. खिशातल्याच आरशात. एका वेळी एकच डोळा दिसत होता. मला पाहून म्हणाले, "काळमेघ, चाळीस वर्षं लोकाइच्या तोंडात पाहिलं. आज एका माणसाच्या डोक्यात पाहतो." मी परत फिरलो.

हॉल भरला होता. डॉक्टरांनी उभं राहून तो प्रसंग वर्णन केला. घुंगरू, कुंकू, हात, शिट्टी, काही सोडलं नाही. शेवटी हात जोडून विचारलं, "साहेब, दिलेला घास तिनं परत काहून घेतला?"

दिग्दर्शकाने डोळे मिटले. मला वाटलं, आता जमीन दुभंगणार. बऱ्याच वेळाने डोळे उघडून तो खोल आवाजात म्हणाला, "तो प्रसंग तुम्ही पाहिलात? बहुतेकांना तो दिसतच नाही."

टाळ्या!

"त्याचा अर्थ मी सांगू नये," तो पुढे म्हणाला. "तो मलाही अजून शोधायचा आहे." एवढं मात्र त्या दिवशी तो खरं बोलला.

डॉक्टर तरंगतच घरी गेले. पुढची दोन-तीन वर्षं सुखाची होती. मग त्यांच्या पुण्याच्या पुतण्याने त्याच सिनेमाची विकतची सीडी पाठवली. मास्तर झाडाखाली बसतो, चप्पल काढतो, बराच वेळ नुसता बसतो आणि सरळ वाळूतून चालू लागतो. पायरी नाही. बैल नाही.

दुसऱ्या कोणी आपल्या कॅसेटवरच शंका घेतली असती. डॉक्टर स्कूटर काढून माझ्याकडे आले, दारातूनच ओरडले, "कापला! हरामखोरांनी सीन कापला!"

मोहीम सुरू झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, जिथे जिथे सिनेमाची कचेरी असेल तिथे पत्र. पुरावा म्हणून त्यांनी गोल बाजाराजवळच्या एका फोटोवाल्याकडून कॅसेटमधल्या तेवढ्याच मिनिटाच्या सीड्या करून घेतल्या आणि एकेक पत्रासोबत पाठवल्या. दिग्दर्शकाचं उत्तर आलं नाही. एका कचेरीने कळवलं, की हा प्रसंग आमच्या प्रतीत नाही. डॉक्टर खूश. "पाह्य! त्याइच्या इथूनही चोरीले गेला."

गावात हसू लागले. 'बैलवाले डॉक्टर' हे नाव पडलं. मी एकदा धीर करून म्हणालो, "डॉक्टर, सोडून द्या आता. लोक हसतात."

"हसतात म्हणजे दात दिसतात," डॉक्टर म्हणाले. "माझा धंदाच तो आहे."

पण त्याच सुमारास एका लग्नात पंगतीत त्यांच्यापुढे पुरणपोळी वाढताना एका टारगट तरुणाने अर्धी तोडून परत घेतली. पंगत फुटून हसली. डॉक्टरही हसले. मात्र पोळीला त्यांनी हात लावला नाही, आणि पुढच्या दोन शनिवारी ते मंडळात आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. ते मला फार लागलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी दाढ ठणकू लागली. खुर्चीत पडलो, तोंडात कापूस, ओठाला आकडा. डॉक्टर नेहमीसारखे बोलत होते. मंडळाच्या कपाटात पाणी गेलं म्हणाले. सगळ्या कॅसेट खराब झाल्या. "आपली बैलाची पण गेली रे. पांढरी फंगस, अशी, दह्यासारखी."

मी मुलीला जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं झालं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तोंड उघडंच.

"दुखून राहिलं का?" डॉक्टरांनी हात थांबवला. "अजून तर मी लावलंही नाही काही!"

मी मान हलवली. त्यांनी आकडा काढला, कापूस काढला. मी खुर्चीत पडल्या पडल्याच सगळं सांगितलं. वर दिवा होता. त्यांच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून दिव्याकडे बघून बोललो. कॅसेट, लाईट, पायरी, दिग्दर्शक, सगळं.

आकडा ताटलीत ठेवल्याचा आवाज झाला. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मग त्यांचा आवाज आला, "शिट्टी?"

"कुकर."

"म्हणजे मागं बसलेला तो कुकरवाला बाबू बरोबर होता!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि कॅमेरा हलून राहिला होता तो?"

"मी. खांद्यावर जड होता."

"चेहरा काहून नाही घेतला रे तिचा?"

"ती म्हणाली होती, मले नका घेऊ, केस नाही विंचरले. बैलाले घ्या."

डॉक्टर हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग ते चक्क रोग्यांच्या स्टुलावर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. आतून वहिनींनी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "काही नाही, काळमेघची दाढ निघाली."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साल्या. त्या दिग्दर्शकाले मी माझ्या घरचं जेवू घातलं." आणि जरा थांबून, "पण मी काय म्हटलं होतं? बघणारा घरचा आहे. म्हटलं होतं का नाही?"

"म्हटलं होतं."

"त्या बाईवर जीव आहे त्याचा. म्हटलं होतं का नाही?"

मी मान डोलावली.

"कॅसेट गेली तर गेली," त्यांनी खण उघडला. आत सीड्यांची चळतच होती, पत्रांसोबत पाठवून उरलेली. "मी चोर पकडायले काढल्या होत्या. घे. संध्याकाळी तुझ्या घरी येतो. पोट्टीले बोलाव."

वैशालीचं तोवर लग्न झालं होतं. नव्या राजधानीतल्याच एका ऑफिसात ती नोकरीला होती. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायची हिंदीच. ऑफिसातून थेट आली. मी तिला एकदाच, न थांबता सांगितलं.

"आपने बोला था फंगस लगी है," ती म्हणाली. "मैंने कितनी बार सोचा, साफ करवा लेते. बाबा, मैंने दुकान तक पूछ ली थी."

मी खाली बघत होतो.

"फंगस होती बेटा," डॉक्टर म्हणाले, "पण कॅसेटले नाही. तुझ्या बापाच्या डोक्याले. आता त्याले उद्या मार. आज हे पाह्य."

त्यांनी स्वतः सीडी लावली. सवयीप्रमाणे दिवा घालवला. मुर्रा नव्हता, म्हणून खिशातले फुटाणे आम्हा दोघांच्या हातावर ठेवले.

पायरी. बैल. हात.

वैशाली खुर्चीवरून खाली सरकली, टीव्हीच्या अगदी जवळ बसली. हाताने घास ठेवला. शिट्टी झाली. हात घाईने परत आला, कोपरा तोडून घेऊन गेला. बैल उभा. संपलं. तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

आणि एकदम ती हसली. रडतही होती, पण आधी हसली.

"अरे, ये तो मेरे लिए था!"

"काय?" डॉक्टर पुढे झुकले.

"मैं रिबन बाँधने अंदर गई थी. हर साल लौटकर देखती थी तो बैल ने थोड़ा-सा खाया हुआ रहता था. एक कौर. मैं पूरे मोहल्ले में बताती थी, हमारा बैल सच्ची में खाता है." तिने टीव्हीवरच्या थांबलेल्या बैलाला बोट लावलं. "आई तोड़ती थी. मुझे आज पता चला."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोर जमिनीवर बसलं होतं. आता ते उभे राहतील, आरसा काढतील, काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं, खुर्चीतल्या रोग्यासारखं. मग मिटलं. हातातले फुटाणे त्यांनी वैशालीच्या ओंजळीत रिकामे केले.

निघताना मी म्हणालो, "डॉक्टर, शनिवारी मंडळात मी सगळ्यांसमोर सांगतो."

"खबरदार," ते चपला घालता घालता म्हणाले. "पोट्टीचं आहे ते. मंडळाचं नाही. तिथे नेलं की लगेच कोणी म्हणंन, बैल म्हणजे सरकार."

"पण लोक तुम्हाला हसतात."

"हसू दे की. कितीतरी दाढा माझ्याच नजरेस पडल्या त्याच्यात."

म्हणून मी आजवर बोललो नाही. त्यांचं ऐकलं असं म्हणायला बरं वाटतं. सोयीचंही होतं. परवा मुलीला फोनवर विचारलं तर म्हणाली, "लिखो बाबा. काकू को सबसे पहले पढ़ाना." वहिनींना हे वाचून दाखवूनच छापायला देणार आहे.

त्यानंतरही डॉक्टर कित्येक वर्षं होते. दाढा भरल्या, सिनेमे दाखवले, घोरणाऱ्यांना रीत शिकवली. पण डॉक्टर म्हटलं की मला त्या संध्याकाळचेच दिसतात. वैशालीने आत तोच बैल पुन्हा लावला होता, घुंगरांचा आवाज बाहेर येत होता. मी दारात उभा होतो. डॉक्टर एक पाय उचलून पायरी उतरायला निघाले आणि अचानक थांबले. खाली पाहिलं. तिथे काही नव्हतं, रोज मी झाडतो ती पायरी.

"सरक रे बाबा," ते खाली बघून म्हणाले, "मले उतरू दे."

आणि बैलाला धक्का लागू नये म्हणून भिंतीला हात टेकत, पायरीच्या अगदी कडेने, आपलं गोल शरीर सांभाळत ते खाली उतरले.